पुट्टा जेवला का?

वर्तमानपत्रात तीस वर्षं काढली की किस्से साठतात. आपण साठवत नाही, आपोआप साठतात. टेबलाच्या खालच्या खणात पत्रकार परिषदांमधली फुकटची पेनं साठतात तसे. लोकांना वाटतं, क्राइम रिपोर्टर बाईकडे खून-दरोड्यांचे किस्से असणार. आहेत ना, भरपूर आहेत. पण हल्ली आमच्या बेंगळुरूच्या ऑफिसात चहाला चार जण जमले की ते कुणी मागत नाही. सगळ्यांना एका सरड्याचे किस्से हवे असतात!

तर ऐका. मूळ बोलणी कन्नड, हिंदी, इंग्लिश अशी सरमिसळ झालेली आहेत. मी मराठीत सांगते. आमचं घराणं इथे इतक्या पिढ्या राहतंय की माझ्या मराठीत अधूनमधून कानडी 'स्वल्प', म्हणजे थोडं, आणि 'सरी', म्हणजे बरं, येणारच. चालवून घ्या.

*

कोरमंगलातल्या एका पीजीच्या मालकीणबाईंचा फोन आला. "मॅडम, लगेच या! नऊ नंबरच्या खोलीत मगर आहे!"

मी आणि आमचा फोटोग्राफर मंजुनाथ त्याच्या स्कूटरवरून सुटलो. सिग्नलला थांबलो तेवढ्यात हेडलाइन ठरवून झाली होती.

खोलीत एक काचेची पेटी होती आणि पेटीत माझ्या हाताच्या पंजाएवढा सरडा. बिअर्डेड ड्रॅगन. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, गळ्याखाली काट्यांची दाढी असते, चिडला की ती फुगवून काळी करतो. हे पिल्लू तीन-चार महिन्यांचं. याच्यात चिडण्याचंही बळ नव्हतं. कातडी सैल, डोळे अर्धे मिटलेले. त्याला पाळणारा भाडेकरू गुरगावला नवी नोकरी लागली म्हणून आठवड्यापूर्वीच निघून गेला होता. मी तिथूनच त्याला फोन लावला.

"मॅम, डोन्ट वरी. तो एकदम लो-मेंटेनन्स आहे."

"तुमच्या आईनं तुम्हाला तीन महिन्यांचे असताना असंच लो-मेंटेनन्स म्हणून पीजीत सोडलं असतं तर?"

फोन कट! मात्र संध्याकाळपर्यंत त्यानं सरड्याच्या सरकारी नोंदणीचे कागद आणि दुकानाचा पत्ता मुकाट पाठवून दिला.

मालकीणबाई बिचाऱ्या खऱ्याच काळजीत होत्या. "मी रोज गरम इडली ठेवली हो. वाससुद्धा घेत नाही. इडली नको म्हणतो म्हणजे पोटात काहीतरी बिघडलंय!"

मंजुनाथ पेटी उचलता उचलता म्हणाला, "चल पुट्टा." पुट्टा म्हणजे कन्नडमध्ये बाळ. झालं! नाव पडलं की प्राणी परत ठेवून येता येत नाही.

*

पेटी न्यूजरूममध्ये माझ्या टेबलाशेजारी आली. आमचे संपादक देसाई सर धारवाडचे. मराठी छान बोलतात, विशेषतः रागावले की. ते केबिनमधून बाहेर आले.

"अक्का, हे न्यूजरूम आहे. प्राणिसंग्रहालय नव्हे."

"सर, तिथे प्राण्यांना वेळेवर खायला मिळतं, एवढाच फरक."

ते आत गेले. पेटी राहिली.

*

दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं. पेटीत एक लाल बल्ब होता आणि पुट्टा दिवसभर त्या लाल उजेडात झोपेत असल्यासारखा पडून असायचा.

"या बल्बमधून अल्ट्राव्हायोलेट मिळतं का?" मी विचारलं.

"मिळतं ना मॅडम. लाल दिसतोय ना?"

मी तसल्याच बल्बचा एक नवा खोका मागितला, चष्मा लावला आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात खोक्यावरचा मजकूर वाचला. त्यावर लिहिलं होतं, 'कोंबडीच्या पिल्लांसाठी'.

दुकानदार जराही ओशाळला नाही. "मॅडम, हेपण पिल्लूच आहे ना!"

तीस वर्षांत मी मंत्र्यांची उत्तरं ऐकली आहेत, पोलीस कमिशनरांची ऐकली आहेत. इतकं निर्लज्ज आणि इतकं बिनतोड उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं! तरी जाताना त्याच्याकडूनच एक डबा रातकिडे घेतले, कारण उपाशी बाळाला खायला हवं होतं. ते रातकिडेही त्यानं कसे दिले, ते पुढे कळेलच.

*

ऑफिसात रीतसर ड्यूटी लागली. पेटीच्या काचेवर तक्ता चिकटवला: तारीख, वेळ, काय दिलं, खाल्लं का. चार दिवस तक्ता झकास भरत होता. 'दोन किडे, खाल्ले.' 'तीन किडे, खाल्ले.' 'पाला स्वल्प, किडे खाल्ले.' मी खूश. कॅन्टीनमधून वजनकाटा पुन्हा आणला, आणि पाहते तर पुट्टाचं वजन पहिल्या दिवसापेक्षा उलट घटलेलं!

मी त्याला उचलून तडक हेब्बाळला सरड्या-कासवांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर शालिनी, बारीक चणीच्या, आवाज हवालदाराचा.

"शेवटचं कधी खाल्लं यानं?"

"काल संध्याकाळी. तीन किडे."

"कोणी पाहिलं?"

हा प्रश्न मी जन्मभर दुसऱ्यांना विचारत आले. स्वतःच्या तक्त्याला विचारला नव्हता!

डॉक्टरांनी तपासलं. जंत नव्हते, जखम नव्हती. "याला थंडी मारतेय. शरीर तापल्याशिवाय यांना भूक लागत नाही आणि खाल्लेलं पचतही नाही. ऑफिसात एसी किती?"

"चोवीस."

"याच्या बसायच्या दगडावर चाळीसच्या आसपास हवं. शिवाय अल्ट्राव्हायोलेटची खरी ट्यूब. मध्ये काच नको, काच ते किरण अडवते. आणि किडा याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दिवसभर कितीजण पेटीभोवती उभे असतात?"

"पंचवीस-तीस."

"त्याला प्रेस कॉन्फरन्स नकोय, मॅडम! एकटं सोडा. सोमवारी दुपारी परत आणा. तोवर स्वतःहून खाल्लं नाही तर मी ॲडमिट करून नळीनं भरवणार. आणि एवढ्याशा जिवाला नळी घालायची म्हणजे पुढचं मी काही लिहून देत नाही."

त्या दिवशी बुधवार होता.

*

परत आले आणि चौकशी बसवली. आमचा नागपूरचा चीफ सब-एडिटर वानखेडे, त्याला पहिला धरला.

"तीन किडे खाल्ले, हे तू पाहिलंस?"

"मंजुनाथ म्हणाला ना, अक्का."

मंजुनाथ म्हणाला, "मला स्पोर्ट्सवाल्यांनी सांगितलं." स्पोर्ट्सवाले म्हणाले, "किडे टाकले तेव्हा होते, नंतर नव्हते. म्हणजे खाल्लेच ना?" एकानंही पुट्टाला तोंड उघडताना पाहिलं नव्हतं. चार दिवस अख्खं ऑफिस सूत्रांच्या हवाल्यानं जेवण घालत होतं!

"मग गेले कुठे ते किडे?" मी ओरडले.

तेवढ्यात उत्तर आलं. देसाई सरांच्या केबिनमधून. किर्र... किर्र... किर्र...

सर बाहेर आले. चेहरा लाल. "दिल्लीच्या व्हिडिओ कॉलवर मालक मला विचारतायत, तुम्ही शेतात बसलाय का!"

दुकानदारानं पिल्लाला पूर्ण वाढलेले, ओरडणारे रातकिडे दिले होते. पुट्टाच्या डोक्याएवढे. ते पेटीच्या फटीतून निघून कुणी प्रिंटरमागे, कुणी सरांच्या सोफ्याखाली सुखानं नांदत होते.

वानखेडेनं त्याच संध्याकाळी तक्ता काढून तिथे चौकट लावली: 'खुलासा. या जागी गेले चार दिवस प्रसिद्ध झालेली अकरा रातकिड्यांच्या निधनाची वृत्ते निराधार होती. सर्व जण सुखरूप आहेत. वाचकांच्या व पुट्टाच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

*

आणखी एक भानगड वानखेडेनंच शोधली. रोज रात्री आठला पुट्टाची दाढी काळी व्हायची. पेटीसमोर भिंतभर टीव्ही आहेत आणि आठला सगळ्या चॅनेलांवर वादविवाद सुरू होतात. लाल पट्ट्या, सहा-सहा डोकी, सगळे एकदम ओरडणारे. एरवी मलूल पडलेला पुट्टा तेव्हा मात्र गळा फुगवून काचेवर चालून जायचा.

"अक्का," वानखेडे म्हणाला, "अख्ख्या देशात याच एका प्रेक्षकाला कळलं बघा काय चाललंय ते!"

*

म्हणजे याला टीव्ही नसलेली, एसी बंद करता येणारी आणि गर्दी नसलेली खोली हवी होती. अशी खोली ऑफिसात एकच. कॉन्फरन्स रूम!

परवानगीसाठी अर्ज केला असता तर उत्तर यायला महिना लागला असता. मी गुरुवारी सकाळी पेटी नेऊन टेबलाच्या टोकाला ठेवली. नवी ट्यूब आणि तापवणारा दिवा मंजुनाथनं पेटीच्या जाळीवर बसवला, खाली सपाट दगड, दगडावर थर्मामीटर. पुढची सोडून बाकी तिन्ही काचांना जुने अंक चिकटवले, म्हणजे स्वतःचंच प्रतिबिंब पाहून बिथरायला नको. एसी बंद केला आणि बटणावर चिठ्ठी लावली: 'हात लावणाऱ्याची बातमी होईल.'

मेंटेनन्सवाल्यांचा सुपरवायझर आला. "मॅडम, कोणासाठी बंद आहे?"

"गेस्ट आलेत."

"व्हीआयपी?"

"ऑस्ट्रेलियाचे."

त्यानं चिठ्ठीखाली स्वतःचा शिक्का मारून दिला!

*

जयनगरच्या भाजीबाजारात मी शेवग्याचा कोवळा पाला निवडत होते, एकेक पान करून.

"कुणासाठी एवढं निवडताय, अक्का?" भाजीवालीनं विचारलं.

"घरी बाळ आहे. काही केल्या जेवत नाही."

तिनं माझ्या हातातली जुडी काढून घेतली, आतली ओलसर नवी जुडी दिली आणि वर सांगितलं, "दात यायचे असतील. भातात स्वल्प तूप घालून चिऊ-काऊ दाखवत भरवा."

चिऊ-काऊ तेवढे दाखवले नाहीत. कारण पुट्टाला तेच खाऊन टाकणारे वाटले असते!

*

शुक्रवार गेला, शनिवार गेला. दगड चाळीसवर तापत होता. पुट्टा त्यावर चढून बसायला लागला, डोळे पूर्ण उघडायला लागला, रंग पिवळसर झाला. दुसऱ्या दुकानातून बारीक किडे आणले. वानखेडेनं पुट्टाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर पट्टीनं मोजलं आणि किडे हेडलाइनसारखे मापात बसवले. रविवारी कोमट पाण्यात पाच मिनिटं बसवला तर चक्क पाणी चाटलं. पण खाणं? शून्य. आता नव्या तक्त्यावर 'नाही' लिहिताना कुणी लाजत नव्हतं. खाली दोन-दोन साक्षीदारांच्या सह्या असायच्या.

रविवारी रात्री मंजुनाथनं मला फोन केला. "अक्का, नळी घालताना आपण दोघं तिथेच थांबायचं ना?"

"नळीचं नाव काढू नकोस," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

*

सोमवार, सकाळचे दहा. साप्ताहिक मीटिंग, त्याच खोलीत. एसी बंद. पंधरा माणसं घामाघूम. ही अशी मीटिंग, जिथे आजवर कुणी कुणाला एक वाक्य पूर्ण करू दिलेलं नाही. राजकारणवाले महापालिकावाल्यांवर ओरडत होते, महापालिकावाले माझ्यावर, मी सगळ्यांवर. देसाई सर टेबलाच्या टोकाला, पेटीला अगदी लागून, रुमालानं मान पुसत.

"अक्का, आज दुपारी हे प्रकरण संपणार. या बाजूनं किंवा त्या बाजूनं. सरी?"

"सरी, सर."

मंजुनाथनं चिमट्यानं एक बारीक किडा दगडाशेजारी सोडला आणि मागे सरला. पुट्टानं मान वाकडी केली.

एकेक आवाज बंद पडत गेला. कुणी पेटीकडे बघत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, गर्दी नको. पंधरा पत्रकार आपापल्या वहीत डोळे घालून बसले होते आणि तिरक्या नजरेनं एकाच जागी पाहत होते. वानखेडेनं तर श्वास रोखून धरला होता.

नेमका तेव्हा सरांचा फोन थरथरला. स्क्रीनवर एका मंत्र्याचं नाव. मंत्र्यांचे फोन सर कायम पहिल्या रिंगला घेतात, तेही उभं राहून. सरांनी फोन उचलला, पण उठले नाहीत. नजर काचेवर.

पुट्टा एक पाऊल पुढे आला. थांबला. मग सप्! गुलाबी जीभ बाहेर, किडा आत. कुडुम्... कुडुम्... अख्ख्या खोलीत तेवढाच आवाज. गिळला. इकडे-तिकडे पाहिलं, आणि मंजुनाथच्या चिमट्याकडे धावला. दुसरा! तिसरा!

फोनमधून मंत्र्यांचा चढलेला आवाज आम्हालाही ऐकू येत होता, "हॅलो? हॅलो, देसाई?"

सरांनी तोंडाशी हात धरला आणि अगदी हळू, कुजबुजत म्हणाले, "साहेब, थोड्या वेळानं करतो. आमचं बाळ जेवतंय."