दारावरचा कागद

एका उपवासकाळात मी घराच्या दारावर कागद चिकटवला होता : प्रार्थना चालू आहे, पाच ते सहा बेल वाजवू नये. खाली सहीसुद्धा ठोकली होती. देवाशी बोलायला बसणारी बाई सही करते, यावरून तिची अक्कल ओळखावी. वय बावन्न, म्हणजे लहान होते म्हणून सोडून द्यावं असंही नाही.

मी सांगलीत एका दवाखान्यात सिस्टर होते. सकाळी सातला ड्यूटी, साडेचारला घरी, पुढे धुणं, स्वयंपाक. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही ख्रिस्ती माणसं उपवासकाळ पाळतो. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. साताऱ्याला माझी आई भाकऱ्या थापता थापताच प्रार्थना करायची आणि दारात कुणी येईल म्हणून एक भाकरी जास्त टाकायची. मला ते गावंढळ वाटायचं. मला एकांतातली साधना हवी होती. मग चहा सोडला, मागची खोली रिकामी केली, मेणबत्ती आणली आणि मोहावरचे विजय लिहायला एक जाड वही आणली. चहाच्या वासाला कसं हरवलं यावरच तिची दोन पानं भरली आहेत. नातीने परवा उपवासकाळासाठी इन्स्टाग्राम सोडल्याचं इन्स्टाग्रामवरच जाहीर केलं, तेव्हा ती कुणाची नात हे पटलं.

त्या वर्षी गुड फ्रायडेला चर्चमध्ये क्रुसावरच्या सात वचनांपैकी एकावर बोलायचं माझ्याकडे होतं. येशूने मरता मरता आईला शिष्याच्या हाती सोपवलं, ते वचन. आपल्या माणसांची, शेजारपाजारची काळजी कशी घ्यावी, हे मी दार लावून आरशापुढे घोकत होते.

तिसऱ्या आठवड्यात एकदा दाराबाहेर बांगड्या वाजल्या. समोरच्या घरातली शेजारीण. मूळची म्हसवडकडची, हळदीच्या गोदामात निवडायला जायची, पाचला परतायची. तिला वाचता येत नव्हतं, पण कागद कुणाकडून तरी वाचून घेतला असणार, कारण बेल वाजली नाही. पायरीवर बराच वेळ बसली आणि गेली. मी वहीत लिहिलं : आज बाहेर अडथळा आला, मी उठले नाही, प्रभूची स्तुती असो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दार उघडून पाहिलं तर कागदावर पिवळ्या अंगठ्याचा ठसा. कुणाचा, हे मला लगेच कळलं. मी काय केलं, तर कागद घाण झाला म्हणून नवीन लिहून चिकटवला. सहीसकट.

चौथ्या दिवशी कुणी आलं नाही. त्याचं श्रेय मी प्रार्थनेला दिलं.

गुड फ्रायडेला मी असं बोलले की पुढच्या बाकावरच्या दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. फुगून घरी आले तर समोर कुलूप. आमच्या ह्यांनी सांगितलं, शेजारणीचा नवरा चार दिवस सरकारी दवाखान्यात आहे, पायाची दोन बोटं काढली. त्याला साखरेचा आजार, आणि बोटाला चप्पल लागून झालेली बारीकशी जखम. दवाखान्यात दाखवायची की घरीच हळद लावून भागेल, एवढंच तिला विचारायचं होतं. मी एकदा पाहिली असती तर त्याच संध्याकाळी त्याला रिक्षात घातलं असतं. तीस वर्षं मी दुसरं केलं काय होतं?

तशीच पांढऱ्या साडीत वॉर्डात गेले. त्याच्या पायाला मोठं बँडेज, ती कॉटशेजारी खाली बसून मोसंबी सोलत होती. मला बघून सरकली, जागा केली. आणि मी? माफी मागायची सोडून तिलाच बोलले, की समोर सिस्टर राहत असताना एका शब्दाने सांगायला काय झालं होतं.

ती रागावली नाही. सोललेली एक फोड नवऱ्याच्या हातात दिली, एक माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आवं सिस्टरबाई, रोज तासभर देवासंगं बोलत व्हता न्हवं तुमी? मग भाईर कोण बसलंय, त्ये त्यानं सांगितलं न्हाई व्हय तुमास्नी?"