वसंतअण्णांचा पखवाज

वसंतअण्णा बोटाच्या पेराने वाजवून बघितल्याशिवाय भांडं विकत नसत. धारवाडच्या सुभाष रोडवर त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक घाईत असलं तरी ते कानडीत "स्वल्प तडी" म्हणून त्याला थांबवत, घागर कानाशी धरत आणि वाजवत. मग मराठीत म्हणत, "बोलू दे की तिला."

धारवाड म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. केलगेरीजवळच्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी आमचं भजन असे. एक पद कन्नड, एक अभंग मराठी. मी शाळेत शिकवायची आणि भजनात टाळ धरून गायची. गुरुराव पेटी वाजवत, अण्णा पखवाज. मला ते तंगी म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. माझी लय वाढली की वाजवता वाजवताच सांगत, "धावू नकोस. सम कुठं पळून जात नाही."

एका वर्षी त्यांचा पखवाज पेटीशी जुळेना. ते सूर चढवायला वादीखालचे लाकडी गट्टे ठोकत, समाधानाने मान हलवत आणि सूर खालीच राहिलेला असे. गुरुराव माझ्याकडे बघत, मी जमिनीकडे. दत्तजयंती जवळ आली, तेव्हा मंडळी हुबळीहून दुसरा वादक आणायचं बोलू लागली. अण्णांना कोणी सांगायचं, एवढंच ठरत नव्हतं.

जयंतीच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेले. एका बाईंसाठी अण्णांनी घागर वाजवली आणि चांगली आहे म्हणाले. आवाज फुटका होता. तो बाईंनाही ऐकू आला; घागर तिथंच ठेवून त्या निघून गेल्या. मग मला राहवेना. जवळ जाऊन, जरा मोठ्याने, नीट ऐकू येतं ना, असं मी विचारलंच.

तराजूची दोरी सरळ करत अण्णा सांगू लागले. डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता, आता उजवाही जात होता. घरातही ठाऊक नव्हतं. पखवाज काढून घेतील, ही धास्ती. "मंडळींना कळलंय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते हसू लागले, डोळे पुसत हसू लागले.

"म्हणजे मी तुमच्यापासून लपवत होतो, आणि तुम्ही माझ्यापासून," ते म्हणाले. "किती दमलो गं मी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देऊळ भरलं होतं. अण्णांनी आपण होऊन मंडळींना सगळं सांगितलं आणि पखवाज गुरुरावांपुढे ठेवला. गुरुराव पेटीवर सूर धरून मानेने खुणा करत होते, अण्णा गट्टे ठोकत होते. पखवाज जुळला. मग ते माझा टाळ दिसेल असे समोर बसले.

कन्नड पद नीट पार पडलं. अभंगात मात्र माझं सगळं लक्ष अण्णांकडे. आता चुकतील, मग चुकतील. या भीतीने माझीच लय सुटली. अण्णांनी हात जराही हलका केला नाही. माझ्या टाळाकडे बघत शांतपणे म्हणाले, "धावू नकोस." मी श्वास घेतला, त्यांच्या हाताकडे बघितलं आणि आम्ही दोघं समेवर एकदमच आलो. गुरुरावांनी कपाळावरचा घाम पुसला. हुबळीच्या वादकाचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढे सहा वर्षं अण्णा वाजवत होते. नंतर एका उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेतच, ते गेले.

बऱ्याच वर्षांनी माझा वरचा षड्ज लागेनासा झाला. घरी दोन दिवस दार लावून घोटून बघितला, लागला नाही. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता. भजनाआधी मी गुरुरावांना सांगून टाकलं. ते तोवर म्हातारे झाले होते. त्यांनी पेटीवर काळी पाचवरचं बोट काळी चारवर आणून पट्टी उतरवली आणि म्हणाले, "हं, गा."