मृत्युंजय पोचेपर्यंतचा केर

सिरसाळ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून बसम्माकाकूंचं घर. पुढं भुसार मालाचं दुकान, मागं राहायचं. काकू पंचाहत्तरीच्या पुढं गेल्या, तरी घरादाराचा केर स्वतःच काढतात. दुसऱ्या कुणी काढलेला त्यांना पटत नाही. नियम मात्र एक. घरातलं माणूस गावाला गेलं, की ते पोचल्याचं कळेपर्यंत केरसुणीला हात लावायचा नाही. नवरा परळीच्या बाजाराला जायचा, तेव्हापासूनचं हे. आम्ही हसायचो. पण काकूंच्या अंगणात केर दिसला, की त्यांचं कुणीतरी वाटेत आहे हे गल्लीला कळायचं.

यंदा नातू मृत्युंजय शिकायला सिडनीला निघाला. आणि त्याची बहीण स्वप्नाली, तिला बघायला अंबाजोगाईचे पाहुणे नेमके दुसऱ्या दिवशी बाराला येणार होते. काकूंनी तिलाच मोबाईलवर बघायला लावलं. मुंबई ते सिडनी, हवाई अंतर दहा हजार किलोमीटर, वेळ साडेबारा तास. विमान रात्री दहाचं. म्हणजे सकाळी साडेदहाला पोरगं पोचणार, अकरापर्यंत घर लख्ख. काकू निर्धास्त झोपल्या.

साडेदहा झाले, अकरा झाले, फोन नाही. काकूंच्या मुलाचा, चन्नप्पाचा, जीव टांगणीला लागला. शेवटी स्वप्नालीनं तिकीट नीट वाचलं. मोबाईलवरचं अंतर सरळ रेषेतलं होतं. मृत्युंजयला मात्र सिंगापूरला विमान बदलायचं होतं आणि तिथं पाच तास थांबायचं होतं. सिडनीला पोचेपर्यंत आपल्याकडे सव्वाचार वाजणार. इकडं घरात बांधाबांधीचे कागद, सुतळ्या, सांडलेला चिवडा आणि दुकानातून उडून आलेला तुरीचा भुसा.

चन्नप्पा आधी विनवून थकला, मग चिडला. पोरीचं जमता जमता मोडेल म्हणाला, सिंगापूरला उतरला तेवढं बस झालं म्हणाला, आणि स्वतःच केरसुणी उचलली.

"उतरला म्हंजे पोचला न्हाई," काकू म्हणाल्या.

साडी नेसून बाहेर आलेल्या स्वप्नालीनं बापाच्या हातातली केरसुणी काढून घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. मला त्या दोघींचाही अभिमान वाटला, हे आता कबूल करतो.

पाहुणे आले. सारवासारव करणं काकूंच्या स्वभावातच नाही. त्या दारात गेल्या आणि मुलाच्या आईला म्हणाल्या, "घर झाडलेलं न्हाई बाई. माझा नातू अजून हवेत हाय."

बाई आत आल्या. भुशावरच अंथरलेल्या सतरंजीवर बसल्या, पोहे खाल्ले, मुलीला चार गोष्टी विचारल्या आणि दोनच्या सुमारास सगळे निघून गेले. चन्नप्पानं कपाळाला हात लावला. पाचला मृत्युंजयचा फोन आला, तेव्हा काकूंनी उंबऱ्यापासून परसापर्यंत सगळं घर झाडून काढलं.

दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी पसंत. मुलाच्या आईनं सांगितलं होतं, ज्या घरात माणसाची अशी वाट बघतात, तिथलीच सून आम्हाला हवी.

लग्न काकूंच्या दारातच लागलं. स्वप्नाली अंबाजोगाईला गेली, सव्वा तासाचा रस्ता. पोचल्याचा फोन वेळेवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर अक्षता आणि फुलं अंगणात तशीच पडलेली, काकू पायरीवर बसलेल्या. मी विचारलं, स्वप्नाली पोचली ना?

"ती पोचली," काकू म्हणाल्या. "माझा जीव अजून वाटंतच हाय."