जोडीदारावर पडलेला उजेड

चैत्राच्या तोंडावर आमच्या हर्सूलकडच्या वस्तीत कडुनिंबाचा फुलोरा गळू लागतो आणि सकाळच्या हवेत एक कडसर-गोड वास तरंगत राहतो. चिकलठाण्याला विमानातून उतरून घरी पोहोचले, तेव्हा त्या वासानं मला आधी गाठलं, माणसांनी नंतर. आई जाऊन तिसरा दिवस उजाडला होता. राख सावडायला माणसं निघायच्या तयारीत होती आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, पांढरा सदरा घालून सिल्लोडच्या पाहुण्यांना चहा मिळाला का याची चौकशी करत होते.

इतके शांत अण्णा मला बघवेनात. या दोघांना सलग दोन वाक्यं एकमेकांशी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आई विचारी, 'वाढू का?' आणि अण्णा वर्तमानपत्राआडून 'हं' म्हणत. अख्खा संसार त्या 'हं'वर निभावला. आईला या माणसाची सोबत खरोखर होती, की ती आयुष्यभर एकटीच राहिली, हा प्रश्न लहानपणापासून माझ्या मनात ठाण मांडून होता, आणि आता तो विचारायला ती उरली नव्हती.

गंमत अशी, की माझा पोटापाण्याचा उद्योगही हाच आहे. परदेशातल्या एका वेधशाळेत मी फुटणाऱ्या ताऱ्यांना जोडीदार होता का, याचा माग काढते. श्वेतबटू म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, आकारानं पृथ्वीएवढा, वजनानं जवळजवळ सूर्याइतका. शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य तो ओढत राहतो आणि एके दिवशी फुटतो. उधळलेलं द्रव्य त्या जोडीदारावर आदळलं, तर तिथं एक निळसर झळाळी उमटते. पण ती मोजके तास, फार तर काही दिवस, आणि तीही योग्य बाजूनं पाहणाऱ्यालाच. मग स्फोटाचं स्वतःचं तेज चढत जातं आणि त्या झगमगाटात जोडीदाराची खूण पुसली जाते. आमच्या दुर्बिणी बहुधा तेव्हाच तिकडे वळतात.

घरातही तो झगमगाट सुरू झालेला होता. सतरंज्या, फोन, दशक्रियेला कोण कोण येणार याच्या वाटाघाटी. आणि मला हवा होता फक्त पहिला तास, आई गेल्यानंतरचा अण्णांचा चेहरा. त्या एका तासासाठी माझा जीव अक्षरशः तुटत होता.

तो तास शेजारच्या शकूमावशींनी पाहिला होता. माणसं स्मशानाकडे गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. आमच्याकडे शेवटच्या आंघोळीचं पाणी अंगणात तीन विटा मांडून तापवतात, आणि ते काम भावकीतलं कुणीतरी करतं; घरधन्याला त्या वेळी कुणी उठवत नाही.

"तुझ्या अण्णानं कुणाला हातच लावू दिला नाय," मावशी म्हणाल्या. "सोताच जाळ केला. पाण्यात हात घालून बघितला, गार पाणी ओतलं, परत हात घातला. बाया म्हणल्या, आता कशाला एवढं? तर म्हणले, 'तिला लई कढत सोसत नाय.' आन् मंग तिथंच बसून लई रडले गं."

आईला कढत पाणी सोसत नव्हतं, हे मला, तिच्या पोटच्या मुलीला, माहीत नव्हतं.

दुपारी अण्णा परतले, न्हाऊन खुर्चीत बसले. मी विचारलं, "अण्णा, त्या दिवशी काय काय झालं?"

"काय सांगायचं त्यात?" ते म्हणाले. "नळाला पाणी आलं होतं त्या दिवशी. तेवढं बरं झालं."

आमच्या शहरात नळाचं पाणी कितीतरी दिवसांआड येतं, तेव्हा हे कुणीही म्हटलं असतं. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. मी खुर्ची ओढून जवळ बसले आणि त्या कागदाच्या कडेवरून दिसत होता तेवढा त्यांचा चेहरा पाहत राहिले; उशीर झाला होता हे ठाऊक होतं, तरी पाहत राहिले.