चार बोटं कमी

गल्लीत तिला सगळे गवसणीमावशी म्हणतात. गिटार, शिलाईचं मशीन, दुचाकी, छत्री, कशाचीही गवसणी शिवून देते. लोक चेष्टेनं म्हणतात, हिला आभाळाला गवसणी घालायला सांगा, ही आधी माप विचारील. विचारीलच की! माप न घेता कापडाला कात्री लावणारी बाई ती नव्हे. त्यातही तिचा एक हट्ट आहे. वस्तू पोकळ असली तर बाहेरून मोजायचीच, पण आतूनही मोजायची.

त्या सोमवारी तिच्या म्हाताऱ्या वडिलांनीच तिच्याकडे काम दिलं. भिंतीवरच्या ठासणीच्या रायफलला गवसणी हवी, आणि तीही गुरुवारच्या आत.

गुरुवारी दादा येणार होता. बत्तीस वर्षांनी! एकोणिसाव्या वर्षी तो बाबांशी भांडून घर सोडून गेला, असं आई सांगायची. सणकी आहे, येईल आठ दिवसांत, म्हणायची. आई गेली तरी तो आला नाही. आता एकदाचा येतो म्हणाला होता आणि मावशीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पडदे दोनदा धुऊन झाले. फक्त या खेपेला काही वाकडं होऊ नये, तो चार दिवस तरी राहावा, एवढंच तिला हवं होतं.

"त्याच्यासाठी बंदुकीला कपडे कशाला, बाबा?" तिनं हसून विचारलं.

"बरं दिसत नाही," बाबा म्हणाले आणि खिडकीकडे बघत बसले.

बाबा फळबागेचे राखणदार होते. बंदूक त्यांच्या वडिलांची. पण दादा गेला तेव्हापासून ती खिळ्यांवरच. बाबा तिला हात लावत नसत. वर्षातून एकदा मावशी पुसायची, तेव्हा समोर खुर्ची टाकून बसायचे आणि दहादा बजावायचे, घोड्याला हात लावू नकोस. मावशीच्या लेकीनं एकदा फोटोसाठी ती खांद्याला लावली, तर आयुष्यात आवाज न चढवणारा हा माणूस असा ओरडला की पोर रडायलाच लागली. म्हातारपणाचा चक्रमपणा, दुसरं काय, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

मंगळवारी बाबा फिरायला गेल्यावर मावशीनं बंदूक टेबलावर घेतली. बाहेरून जाड कॅनव्हास, आतून जुन्या ब्लँकेटचं अस्तर. तुकडे कापले, धावदोरा घातला. नळीत गंज धरू नये म्हणून तेलातली कापडी वात करायची होती, तर नळी किती खोल ते हवं. तिनं दारू ठासायचा बंदुकीचाच गज नळीत सोडला, तोंडापाशी खडूची खूण केली, गज काढून नळीला बाहेरून लावून बघितला.

चार बोटं कमी.

असं कसं? तिचं माप चुकत नाही. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा चार बोटं. म्हणजे नळीच्या तळाशी काहीतरी बसलेलं होतं. काय बसलेलं असणार ते लक्षात आलं आणि तिनं नळीचं तोंड भिंतीकडे फिरवलं. अगं बाई! बत्तीस वर्षं डोक्यावर भरलेली बंदूक! आणि आपण ती पुसतोय!

कच्च्या टाक्यांच्या गवसणीत गुंडाळून ती तशीच बंदूक दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. सगळा रस्ता तिनं तोंड जमिनीकडे धरलं होतं, नळीचं आणि स्वतःचंही. त्यानं जपून घोडा उचलला, खालची बार पेटवणारी, हिरवी पडलेली तांब्याची टोपी चिमट्यानं काढून पाण्यात टाकली, मग बाहेर काढून भिंगाखाली धरली.

"भरलेली तर आहेच," तो म्हणाला. "पण मावशी, हिचा घोडा ओढलेला आहे. हा बघा टोपीवर ठसा. ओल धरली असणार, म्हणून बार उडाला नाही. कुणाचं तरी नशीब."

बंदूक त्याच्याकडेच ठेवून रिकामी गवसणी घेऊन ती घरी आली. बाबा परतले होते. रिकाम्या खिळ्यांकडे बघत उभे होते.

"कुणावर ओढला होता?" तिनं विचारलं. संतापानं तिचा आवाज फाटत होता.

बाबा खाली बसले.

"पहाट होती. धुकं. त्या आठवड्यात दोनदा चोरी झालेली, मालक बोलला होता. कुंपणातून कुणीतरी वाकून आत येत होतं. मी हाक मारायला हवी होती. नाही मारली. टक् वाजलं नुसतं. आणि समोरून आवाज आला, बाबा, चहा आणलाय."

मावशीला ती किटली आठवली. भरलेलीच परत आली होती. दादा तोंड धुवायच्या दगडावर बसून होता आणि ती त्याला चिडवत होती, एक दिवस चहा न्यायला सांगितला तर तोही तसाच परत आणलास! आठवड्यानं तो गेला. त्यानंतर बाबांनी बागेत चहाच बंद केला.

एक दिवस. कारण रोज पहाटे त्याच कुंपणातून वाकून किटली नेणारी ती होती. घरातली छोटी, पंधरा वर्षांची. त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून खोटंच पांघरूण ओढून पडली होती.

हातातली गवसणी टेबलावर ठेवून तिनं विचारलं, "दादा काय म्हणाला तेव्हा?"

"किटली खाली ठेवली आणि म्हणाला, बरं झालं आज मी आलो. छोटीला हे कधी सांगू नका."