व्हॅनचा रस्ता कुणाला कळत होता

आमच्या चऱ्होलीच्या सोसायट्यांतली चौदा मुलं रोज मोशीच्या शाळेत पोचवायची आणि परत आणायची, हे दीपमाला सोनकांबळे यांचं काम. मुलं त्यांना दीपामावशी म्हणतात, आम्ही पालक ताई. माझी दिव्या चार वर्षं त्यांच्या पिवळ्या व्हॅनमधून जाते, म्हणून ही हकीकत मला ठाऊक आहे. थोडी मी स्वतः पाहिली, बाकीची ताईंनी माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितली. ज्या मुलीबाबत हे घडलं, तिचं आणि तिच्या आईवडिलांचं नाव मात्र मी बदललंय. मुलीला अंजली म्हणू.

ताई मूळच्या पिंपरीच्या. वडील जयसिंग कारखान्यात फिटर होते, घर कामगार वस्तीत दोन खोल्यांचं. बारावीनंतर ताई चाकणच्या एका कंपनीत लागल्या. मोटारींच्या आत जाणाऱ्या वायरींच्या जुड्या बांधायचं काम. पन्नास रंगांच्या तारांत एक चुकीच्या जागी गेली तरी अख्खी गाडी अडते, त्यामुळे नजर तयार झाली. पुढे कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा नवरा नवनाथ म्हणाला, "तुला गाडी येते, पोरं आवडतात, मग घाबरतेस कशाला?" तेव्हापासून ही व्हॅन.

अंजली आठवीत होती. चालकाच्या मागच्या खिडकीशी बसायची आणि घर येईपर्यंत तिची टकळी चालू असायची. कोणत्या मॅडमनी काय घातलं, कुणाचा डबा कुणी खाल्ला, सगळं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती गप्प झाली. ताईंना वाटलं, वय आहे. मग ती मागच्या कोपऱ्यात बसायला लागली. दप्तरातला फोन थरथरला की मानेवर पाल पडल्यासारखी दचकायची. शाळेत फोन चालत नाही, पण ट्यूशनसाठी म्हणून आईनं दिला होता आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात तो असायचा.

जानेवारीत एके सकाळी तिनं विचारलं, "मावशी, दुपारी कुठल्या रस्त्यानं जाणार?"

"रोजच्याच. का गं?"

"सहज."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी, "चौकात किती वाजता पोचतो आपण?" तेरा वर्षांच्या मुलीला हे कशाला हवं, हे ताईंना कळेना. पण तार चुकीच्या जागी गेली आहे एवढं जाणवलं.

त्या बुधवारी दुपारी पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणला होता, म्हणून ताईंनी गाडी गावातून वळवली. लहान मुलं गाणी म्हणत होती. त्या गोंगाटातून ताईंच्या कानावर मागच्या सीटवरची कुजबूज आली. "मी नाही सांगितलं. खरंच. मावशीनंच रस्ता बदलला. प्लीज रागवू नको." ताईंनी आरशात पाहिलं. अंजली फोन कानाला घट्ट लावून, दुसऱ्या हातानं तोंड झाकून बसली होती.

कुणीतरी या गाडीची वाट पाहत होतं. रोज.

संध्याकाळी ताई तिच्या आईकडे गेल्या. विजयश्री तळवड्याच्या आयटी कंपनीत होती, नुकतीच घरी आली होती. तिनं दारातच ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा ताठ झाला. "ताई, मैत्रिणीचा फोन असेल. माझी मुलगी तशी नाहीये."

"मुलगी कशी आहे ते मी बोलतच नाही मॅडम. पलीकडे कोण आहे, त्याची मला भीती वाटते."

"आम्ही बघू. तुम्ही गाडी सांभाळा."

दार बंद झालं. ताईंना तो अपमान झोंबला, पण त्यावर गप्प बसणं जमेना. गुरुवारी दुपारी त्यांनी फेरी उलटी केली. मुलांना एकेका घरी सोडलं आणि अंजलीला शेवटी ठेवलं. तिच्या सोसायटीच्या फाटकापासून थोडं अलीकडे, रसवंतीच्या सावलीत गाडी उभी केली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. समोर बघत बोलायला लागल्या.

"मी एकोणीस वर्षांची असताना कंपनीत एक सुपरवायझर होता. माझ्या लाइनवर येऊन उभा राहायचा. काय काय करायचा ते सांगत नाही तुला. आठ महिने मी कुणाला बोलले नाही. तो म्हणायचा, बोललीस तर तुझंच नाव खराब होईल, तुझ्या बापाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मला ते खरं वाटायचं."

मागून अगदी बारीक आवाजात, "तो पण असंच म्हणतो."

ताई उठून मागे गेल्या आणि तिच्याशेजारी बसल्या. ऑगस्टमध्ये फोनवरच्या एका खेळात तिला विहान भेटला होता. नववीत आहे, तळेगावला राहतो, असं त्यानं सांगितलं. दोन महिने तो फक्त गोड बोलला. आई ओरडली की समजूत घालायचा, परीक्षेच्या सकाळी शुभेच्छा पाठवायचा. मग त्यानं एक फोटो मागितला. साधा. मग दुसरा, तो साधा नव्हता. तो हाती पडल्यापासून विहान बदलला. आता तो हुकूम सोडायचा. पाच मिनिटांत उत्तर आलं नाही, तर शाळेच्या ग्रुपची यादी पाठवून लिहायचा, कुणापासून सुरू करू? फोनवर बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज मुलाचा नव्हता. रोज रस्त्यात कुठेतरी उभा राहून तो व्हॅन बघायचा आणि संध्याकाळी लिहायचा, आज केसांना लाल रिबीन होती.

"आणि आता काय म्हणतो?"

"शनिवारी शाळा लवकर सुटते ना. व्हॅनमध्ये बसायचं नाही म्हणाला. गेटच्या पलीकडे गाडी घेऊन येणारे."

मधे एकच दिवस होता.

"त्याला आपली व्हॅन कशी माहीत, बाळा?"

अंजलीनं फोनवर एक फोटो उघडून दिला. त्यानं सगळ्यात आधी पाठवलेला. पिवळी व्हॅन, गणवेशातली हसरी मुलं, खिडकीशी अंजली. तो ताईंनीच काढलेला होता. व्हॅनच्या जाहिरातीसाठी त्यांनी फेसबुकवर पान उघडलं होतं. शाळेचं नाव, वेळा, थांबे, आणि रोज सकाळी मुलांचा एक फोटो. पालकांना ते फार आवडायचे. मीही दिव्याच्या फोटोखाली बदाम टाकायचे. ऑगस्टमधल्या या फोटोखाली अंजलीनं लिहिलं होतं, खिडकीतली मी! त्याच आठवड्यात विहान तिला शोधत त्या खेळात आला होता.

"फोटो माझाच, पान माझंच," ताई मला म्हणाल्या. "मीच त्याला दार दाखवलं होतं की."

पण रडत बसायला वेळ नव्हता. त्या अंजलीला घेऊन घरी गेल्या, विजयश्रीला फोन करून ऑफिसातून बोलावून घेतलं. सगळं ऐकल्यावर विजयश्रीचा हात लेकीवर उठला. ताईंनी तो वरच्या वर धरला. "आधी जवळ घ्या तिला. ओरडायचं असेल तर मला ओरडा." विजयश्री मटकन खाली बसली. मग मायलेकींचं जे रडू फुटलं, ते ताई दाराबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या.

वडील सुजित चाकणहून शिफ्ट अर्धी टाकून आले. "कंपनीतली चार पोरं घेऊन जातो शनिवारी. गाडीतून ओढून बाहेर काढतो त्याला."

"आणि तो निसटला तर?" ताई म्हणाल्या. "फोटो त्याच्याकडे आहेत, दादा. आणि अशी ही एकटीच असेल असं वाटतं का तुम्हाला?"

विजयश्री तर सगळं पुसून टाकायला निघाली होती. ताईंनी फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि तिघांना सोबत घेऊन तसाच पोलीस ठाण्यात नेला. तिथल्या महिला फौजदारांनी पहिल्यांदा अंजलीला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तू काही चुकीचं केलेलं नाहीस. हे वाक्य पाठ कर." मग त्यांनी सांगितलं, एकही मेसेज पुसायचा नाही, चिडून उत्तर द्यायचं नाही, आणि त्याला संशय येईल असं काही करायचं नाही. शनिवारी अंजली घरीच राहील. व्हॅन मात्र रोजच्या वेळी, रोजच्या जागी उभी राहिली पाहिजे, कारण त्याची नजर व्हॅनवर असते.

शनिवारी साडेअकराला शाळा सुटली. साध्या कपड्यातले पोलीस पालकांच्या गर्दीत होते. ताई दार उघडून मुलांना आत घेत होत्या, तोंडानं नावं घेत होत्या आणि पाठीला घाम फुटला होता. रस्त्यापलीकडे एक पांढरी मोटार येऊन थांबली. बराच वेळ कुणी उतरलं नाही. मग चाळिशीतला एक माणूस रस्ता ओलांडून सरळ व्हॅनपाशी आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, चेहऱ्यावर सभ्य हसू. कुठल्याही मुलाचा बाप वाटावा असा. त्यानं खिडकीतून आत नजर फिरवली.

"ताई, आज एक मुलगी कमी दिसतेय."

माझी दिव्या त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

"कोण हो?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"मागे बसते ती. बरी आहे ना?"

"बरी आहे," ताई म्हणाल्या आणि व्हॅनचं दार ओढून घेतलं. तेवढ्यात दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं. तो ओरडला नाही, पळाला नाही. फक्त म्हणाला, "काहीतरी गैरसमज होतोय साहेब." त्याच्या मोटारीत मागच्या सीटवर लहान मुलाची पाण्याची बाटली होती. त्याला स्वतःला सहा वर्षांची मुलगी आहे, असं नंतर कळलं.

त्या रात्री ताईंनी पानावरचे फोटो काढायला घेतले. चार वर्षांचे साडेसहाशे फोटो. सगळे पुसले, पान बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या प्रत्येकाच्या दारी येऊन सांगितलं की तुमच्या मुलांचे चेहरे मी जगाला दाखवत होते, माफ करा. मला लाज वाटली, कारण चांगला फोटो आला की मीच तो नातेवाइकांना पुढे पाठवायचे. दोन घरांनी मात्र पोलिसांची भानगड नको म्हणून मुलं व्हॅनमधून काढून घेतली.

अंजली तीन आठवड्यांनी शाळेत परतली. आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंकडे जाते. हल्ली थोडं बोलते. तिचा फोटो कुठे कुठे गेला हे कुणालाच नक्की सांगता येत नाही, आणि विजयश्रीला अजून नीट झोप लागत नाही. सुजितनी ओव्हरटाइम सोडला. संध्याकाळी तिघं एकत्र जेवतात. खटला चालू आहे, ताई साक्षीदार आहेत.

महिला फौजदारांनी ताईंना एक गोष्ट सांगितली, ती ताईंनी मला खूप दिवसांनी सांगितली. त्या माणसाकडे दोन फोन होते आणि त्यात अकरा मुलींची संभाषणं. कुणी राजगुरुनगरकडची, कुणी तळेगावची. चौघींची घरं सापडली. बाकी सात जणींनी स्वतःची खोटी नावं सांगितली होती, त्यामुळे त्या कोण हे शोधता आलेलं नाही. तो पकडला गेलाय हे त्यांना कदाचित माहीतही नसेल. पुढचा मेसेज कधी येतो, म्हणून त्या अजून फोनकडे बघत असतील.

गेल्या महिन्यात ताईंनी आसपासच्या शाळांच्या व्हॅनवाल्यांना गोळा केलं. बहुतेक पुरुष. एक जण म्हणाला, "पोरांच्या फोनमध्ये आम्ही कुठं डोकं घालणार, राव?"

"फोनमध्ये नको घालूस, भाऊ," ताई म्हणाल्या. "तुझ्या गाडीत कोण बोलायचं बंद झालंय, तेवढं बघ. आणि मला फोन कर."

आतापर्यंत तिघांचे फोन आलेत.