चिंचेनं घासलेली नावं

कळंब तालुक्यातल्या तमाम भाऊबंदांना, परदेशी पांगलेल्या पाहुण्यांना आणि पारावर बसून दुसऱ्यांच्या घरांवर नजर ठेवणाऱ्या मान्यवरांना कळवण्यात येते की, जर्मनीत राहणाऱ्या या इसमाचे गुडघे ठणठणीत आहेत. तो घराबाहेर पडताना उडी का मारतो, याचा खुलासा खालीलप्रमाणे.

पण आधी निघालो तो दिवस. येडशीला रेल्वे धरायची होती, म्हणून वडील, म्हणजे आमचे आण्णा, मला एस.टी.पर्यंत सोडायला निघाले. घराला लागूनच बखळ. भिंती कधीच्या पडलेल्या, छप्पर गेलेलं, उरला होता फक्त दगडी उंबरा. घर नाही आणि उंबरा आहे, हे तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. मी निघालेला माणूस, मान वळवली. आण्णांनी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "तिकडं बघत जाऊ नको," एवढंच म्हणाले. लहानपणी चेंडू तिकडं गेला तरी हेच. गल्लीतल्या पोरांनी त्या उंबऱ्याला जितके चेंडू वाहिले, तितके नारळ कुठल्या देवाला मिळाले नसतील.

जर्मनीत मला घर मिळालं ते जुन्या इमारतीत, उंच छताचं. दारासमोर फुटपाथमध्ये पितळेचे दोन छोटे चौकोन बसवलेले. वाकून वाचलं. इथं रोझा राहत होती. इथं तिची मुलगी एला राहत होती. खाली साल, मग 'पकडून नेलं', मग 'ठार मारलं'. ज्यू होत्या, एवढाच गुन्हा. नाझींच्या राज्यात ज्यांना घरातून उचलून नेलं, त्यांच्या घरासमोर अशी नावं बसवतात. बेकरीसमोर आहेत, शाळेसमोर आहेत, न्हाव्याच्या दुकानासमोर आहेत. एकदा दिसायला लागली की नेहमीचा रस्तासुद्धा आपला वाटत नाही.

आता, कागदाला पाय लागला तर हात कपाळाला लावणारे आपण. मी रोज उडी मारून बाहेर पडू लागलो. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी मला हाडांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. खरं कारण कळल्यावर म्हणाल्या, "अरे, पाय पडले तर पितळ चकाकतं. सगळे टाळून गेले की काळं पडतं." तरी मी उडीच मारत राहिलो.

आण्णा वारले आणि त्यानंतर आई माझ्याकडं राहायला आली. एका सकाळी त्या दोन्ही नावांवर कुणीतरी काळा रंग ओतलेला. रंग अजून ओला होता. म्हणजे ज्यांना ती नावं आजही नको होती ती माणसं जवळपासच होती, कदाचित पावाच्या रांगेत माझ्यापुढंच उभी राहत होती. आजीबाईंनी थिनरनं रंग काढला. मग आईनं आमटीसाठी आणलेली चिंच कोळली आणि फुटपाथवर बसून पितळ घासायला घेतलं. समोरच्या खिडकीतला पडदा हलला.

"आई, आत चल. लोक बघतायत."

"बघू दे." तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "ठोकून ठोकून घातलंय रं नाव. आपल्या भांड्यांवर घालत्यात तसंच."

मी वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. तिनं विचारलं, "मंग ह्यांच्या घरात आता कोण ऱ्हातं?"

"आपणच, आई."

तिचा हात थांबला. त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी आपणहून म्हणाली, "आपल्या मोठ्या घागरीवर बी नाव हाय."

ती पितळी घागर मला माहीत होती. दिवाळीला आई ती चिंचेनं लखलखीत करायची आणि नाव भिंतीकडं करून फळीवर ठेवायची. अक्षरं उर्दू होती.

"कुणाचं नाव?"

"निजामाचं राज्य गेलं त्या साली बखळीतली माणसं गेली. सासूबाई मला सांगून गेल्या. ह्यांनी जल्मभर बोलू दिलं न्हाय." कुठं गेली, कुणी घालवली, हे तिनं सांगितलं नाही.

यंदा मी त्याच बखळीवर घर बांधायला काढलं. म्हातारपणी परत यायचं, ते इथंच. कागद आमच्या नावाचे होते. कसे झाले, ते कुणी विचारत नव्हतं, मीही नाही. भूमिपूजनाला सगळी गल्ली जमली. जेसीबी उंबऱ्याला सोंड लावून उभा. मी आत जाताना पाय आपोआप उचलला गेला आणि उंबऱ्यावरून उडी पडली.

"काय दादा, जर्मनीत जमिनीला पाय लावायची बंदी हाय का?" चुलतभाऊ दत्ता म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. पण माझी दोन घरं आणि दोन्ही दारांत मला उडी मारावी लागते, हे तेव्हा कळलं, आणि हसू तोंडातच राहिलं.

तेवढ्यात आई आली. कमरेवर ती घागर, अक्षरं लोकांकडं केलेली. पारावरची मंडळी चपला शोधू लागली.

"काकू, ही कशाला काढली?" दत्ता हळूच म्हणाला. "ठेवा आत."

आईनं घागर उंबऱ्यावर ठेवली. गुरुजींनी माझ्या हातावर पाणी सोडलं आणि विचारलं, "कुणाच्या नावानं संकल्प करायचा?"

आण्णांचं नाव सांगायला मी तोंड उघडलं. माझ्याआधी आई बोलली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी:

"चाँदबीच्या. घर तिचं हुतं, अन् ही घागर बी तिचीच हाय."